पडदी

तिसऱ्यांदा आला अबिलिओ,
तेच पुढचं चाक खांद्याला लावून.
"कुरकुरतंय," म्हणाला. एवढंच.
तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
तक्रारसुद्धा बंद पाकिटातून देतो.

दिओलिंदाने हब उघडला,
ग्रीस पुसलं, छर्रे ओतले बशीत,
एकेक चिमट्याने उचलून मोजला.
दहापैकी नऊ एका मापाचे.
दहावा पाव मिलिमीटरने मोठा.
डोळ्याला कळत नाही, चाकाला कळतं.
भार सगळा तो एकटा घेतो
आणि बाकीचे नऊ नुसते फिरत राहतात.
"आमच्या घरात असा एक होता," ती म्हणाली,
आणि पुढे बोलली नाही.

मग ती खणाकडे वळली. मीही वळलो,
कारण छर्रे भरायचं काम माझं.

आगेदातलं जुनं औषधांचं दुकान मोडलं
तेव्हा आणलेलं हे कपाट, चाळीस खणांचं.
चिनीमातीच्या पट्ट्या अजून तशाच:
कापूर, बडीशेप, एरंड.
एरंडात आमचे छर्रे.
इंचाचे डावीकडे, मिलिमीटरचे उजवीकडे,
मध्ये बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा,
तेल पिऊन पिऊन मऊ पडलेला,
खालचा कोपरा कुत्र्याच्या कानासारखा मुडपलेला.
खण हिसक्याने ओढला की
एखादा छर्रा निमूट पलीकडे.
खण हिसक्याने मीच ओढतो.
ती काही म्हणाली नाही.
त्यानेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद.
दारावर पाटी: माप चालू आहे.

चाळीस खण, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.
सुताराने प्रत्येक आपल्या मर्जीने केलेला,
हा मागे निमुळता, तो पोटात फुगलेला,
बडीशेपेचा तर तळच खोलगट.
गुण्या लावला की गुण्याच खोटा वाटतो.
आधी कागद कापायचा, आत उभा करायचा,
कुठे उजेड येतो ते पाहायचं,
तिथे पेन्सिल, पुन्हा कागद.
एरंडाला सात कागद लागले.

पत्रा छापखान्याचा,
वर्तमानपत्राच्या जुन्या प्लेटा, वजनावर घेतलेल्या.
पातळ, कात्रीला नमणाऱ्या.
खालची बोटभर पट्टी काटकोनात दुमडायची,
म्हणजे पडदीला पाय येतो.
पायाखाली नमद्याची चिंधी, कडांना कानस,
मग मुठीने हळू ठोकत बसवायची
आणि जीभ दातांत धरायची.
(ती धरते. मी धरली नाही, अंगठा कापला.)

शनिवारी रात्री तिने एरंडात
एकच छर्रा सोडला, सगळ्यात बारीक,
आणि खण गदागदा हलवला
जसं तापातल्या पोराला उठवतात.
चारही कोपऱ्यांत तो आपटला. पलीकडे गेला नाही.
"हं," ती म्हणाली.
तिच्याकडून हं मिळणं म्हणजे पुष्कळ झालं.

सोमवारी अबिलिओ.
चाक हवेत धरून फिरवलं,
कान लावला, बराच वेळ.
काहीच ऐकू आलं नाही म्हणून हसला.
मग उघड्या खणात डोकावला
आणि पडदीवरचं वाचू लागला,
ओठ हलवत, जशी पत्त्यावरची नावं वाचायचा:
रविवारी गडगडाटाची शक्यता.
विकणे आहे, गाय, दुभती.
चुरशीच्या सामन्यात आपल्या संघाचे दोन, आणि पाहुण्यांचे

तिथेच पत्रा दुमडलेला.

"पाहुण्यांचे किती?"
"पायात गेलं," दिओलिंदा म्हणाली,
"छर्‍यांखाली. काढू?"
तो खरंच विचारात पडला.
त्या सामन्याला तो गेला होता म्हणे,
पण पाऊस आला म्हणून अर्ध्यातून उठला,
मग कुणाला विचारायचं राहून गेलं.

दोन्ही बाजूंचे छर्रे काठोकाठ भरलेले.
माझा अंगठा अजून ठुसठुसत होता.

"राहू दे," तो म्हणाला, आणि चाक खांद्याला लावलं.
दारातून परत वळून:
"आपले दोन, एवढं नक्की ना?"